सोलिंगनची मानाची तलवार: या चुका टाळा

जर्मन साम्राज्याच्या काळात (१८७१–१९१८) पलटण सोडून जाणाऱ्या अधिकाऱ्याला सहकारी तलवार भेट देत. पाते सोलिंगन या पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहरातले, निळाईवर सोनेरी नक्षी, आणि 'इरेम लीबन कामेराडन', म्हणजे आपल्या लाडक्या सोबत्यास, अशी अक्षरे. अशी तलवार हाती आली की पहिल्याच दिवशी लोक ती चकचकीत करायला घेतात.

ही निळाई म्हणजे रंग नव्हे. पोलाद सुमारे तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्यावर ऑक्साइडची साय धरते, केसाहून जवळजवळ हजारपट पातळ. लिंबू, चिंच, व्हिनेगर, गंज काढायचे द्रावण, यांतले काहीही लावले की ती जाते. एका गृहस्थांच्या पात्यावर गंजाचे मसुराएवढे तीन ठिपके होते. त्यांनी रात्रभर व्हिनेगरचा फडका गुंडाळला. सकाळी ठिपके गेले होते, आणि मुठीपासून वीतभर निळाईही. करड्या पोलादावर सोनेरी अक्षरे उघडी पडलेली पाहून मला खरोखर वाईट वाटले. 'पुन्हा निळे करून द्या' म्हणाले. मी नकार दिला. पाते पुन्हा तापवले तर त्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, आणि वरचे सोने दोन्ही धोक्यात येतात.

मी पातळ मशीन तेलाचा थेंब आणि बांबूची टोकदार काडी घेतो. फक्त ठिपक्यावर, रोज थोडे, आठवडाभर. निळाईची कड आली की थांबतो, उरलेला डाग राहू देतो. ज्याला एका संध्याकाळी उरकायचे आहे त्याने या कामाला हात लावू नये.

मुठीच्या पितळेवरचा सोन्याचा मुलामाही पॉलिशने घासू नका, मऊ सुती कापड पुरते.

पात्यावर कोरलेले 'आयझेनहाउअर' हे कारागिराचे नाव नाही. 'लोखंड तोडणारी' अशा अर्थाची ती उत्तम पोलादाची खूण आहे. कारखान्याचा शिक्का वेगळा असतो, तो मुठीजवळ शोधा.

म्यानाला एकच कडी दिसली तर दुसरी जोडून घेऊ नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रशियात, म्हणजे साम्राज्यातल्या सर्वांत मोठ्या राज्यात, खालची कडी काढून टाकली गेली.

तलवार म्यानात अडकली की दोघे जण दोन्हीकडून ओढतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. कित्येक पोलादी म्यानांत लाकडाच्या पातळ पट्ट्या असतात. त्या फुगून पाते धरतात, आणि ओढले की तुटून आतच राहतात. मी म्यानाच्या तोंडाशी तेलाचे दोन थेंब सोडतो आणि म्यान दोन दिवस उभे ठेवतो. मग तोंडाजवळचे बारीक स्क्रू, खाचेत नीट बसणाऱ्या स्क्रूड्रायव्हरनेच, सैल करतो. तरीही हलली नाही तर आणखी दोन दिवस.

आरमारी तलवारींचे म्यान चामड्याचे असते. कमावलेल्या चामड्यात आम्ल आणि ओल राहते, त्यामुळे पाते आत ठेवले की खड्डे पडतात. माझ्या कपाटात पाते आणि म्यान शेजारी शेजारी, पण वेगळे असतात. पात्यावर ओल रोखणाऱ्या मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हात असतो आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला मी ते काढून बघतो.