जुन्या आणि नव्या संगणकांना चालणारा एकच लेझर प्रिंटर कसा निवडावा

अनेक डीटीपी केंद्रांत पेजमेकर (पानांची मांडणी करणारा जुना प्रोग्रॅम) आणि श्रीलिपी (मराठी फॉन्टांचे सॉफ्टवेअर) असलेला विंडोज एक्सपीचा संगणक अजूनही चालू ठेवलेला असतो, कारण जुन्या लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि संस्थांचे अहवाल त्याच फॉन्टांत अडकलेले असतात. आणि शेजारच्याच टेबलावर विंडोज ११ चा लॅपटॉप असतो. दोघांना मिळून एक प्रिंटर घ्यायचा झाला, की दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘एक्सपीचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटरशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम, मिळेल का?’ असा. त्याऐवजी या प्रिंटरला कोणती भाषा कळते, हे आधी विचारावे.

कागदावर काय छापायचे हे प्रिंटरला ज्या आज्ञांतून सांगितले जाते, ती त्याची भाषा. एचपीच्या १९८४ च्या पहिल्या लेझरजेटपासून चालत आलेली पीसीएल आणि १९८५ मध्ये ॲपलच्या लेझररायटरमुळे रुळलेली ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट या त्यांतल्या दोन प्रमुख भाषा आहेत. त्या समजणारा प्रिंटर कोणत्याही पिढीच्या संगणकाशी बोलू शकतो, कारण तेव्हाचे ड्रायव्हर ज्या आज्ञा पाठवत होते त्या त्याला आजही कळतात. याउलट स्वस्त प्रिंटरांपैकी बरेचसे ‘होस्ट-बेस्ड’ असतात: पानाचे चित्र संगणकानेच तयार करायचे आणि कंपनीच्या खास पद्धतीने पाठवायचे. आपल्याकडे घरोघरी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२० हे दोन्ही याच जातीचे; १०२० ला तर दर वेळी चालू केल्यावर आतली प्रणालीसुद्धा संगणकाकडून भरून घ्यावी लागते. ही यंत्रे वाईट आहेत असे मुळीच नाही, मात्र त्यांचे आयुष्य कंपनीच्या ड्रायव्हरला बांधलेले असते, म्हणून या कामासाठी ती घेऊ नयेत.

माहितीपत्रकात पीसीएल ५ई आणि पीसीएल ६ ही त्या भाषेच्या दोन आवृत्त्यांची नावे शोधावीत. डॉसवर फॉक्सप्रोत लिहिलेला हिशेबाचा कार्यक्रम अजून वापरात असेल, तर पीसीएल ५ई समजणारा प्रिंटर त्याचा साधा मजकूर तसाच छापतो, तर होस्ट-बेस्ड प्रिंटर त्याला दादच देत नाही. तो कार्यक्रम डॉट मॅट्रिक्सच्या आज्ञा पाठवत असेल, तर एप्सन एफएक्स या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची नक्कल करू शकणारा प्रिंटर पाहावा; ब्रदरच्या एचएल-एल५१००डीएनसारख्या यंत्रांत ती सोय असते. पेजमेकर वापरणाऱ्यांनी मात्र पोस्टस्क्रिप्टचा आग्रह सोडू नये, कारण पत्रिकेतला गणपती किंवा संस्थेचे बोधचिन्ह ईपीएस (पोस्टस्क्रिप्टमध्ये साठवलेल्या चित्राच्या) फाइलीत असेल, तर पोस्टस्क्रिप्ट नसलेल्या प्रिंटरवर पडद्यावरची ओबडधोबड प्रतिमाच तेवढी उमटते.

दुसरी अट जोडणीची. यूएसबीची केबल एक्सपीच्या संगणकाला बसते, पण नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर तिथे नसतो. ज्या संगणकाला केवळ पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरांसाठीचे रुंद सॉकेट) आहे त्याला तर यूएसबी प्रिंटर जोडताच येत नाही, कारण बाजारात मिळणारा यूएसबी-पॅरलल अडॅप्टर जुना प्रिंटर नव्या संगणकाला जोडण्यासाठी असतो, उलट दिशेने तो चालत नाही. म्हणून नेटवर्क केबलचे सॉकेट असलेलाच प्रिंटर घ्यावा आणि त्याला राउटरवर एक कायमचा आयपी पत्ता द्यावा. एक्सपीवर ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ तयार करून, ड्रायव्हरांच्या यादीतला एचपी लेझरजेट ४ निवडला, की पीसीएल ५ई समजणारा प्रिंटर कोणत्याही कंपनीचा असला तरी साधी छपाई सुरू होते. एक्सपीला सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे २०१४ मध्येच थांबले आहे, तेव्हा त्या संगणकाचे इंटरनेट राउटरवरूनच बंद करावे. प्रिंटरपर्यंत पोहोचायला त्याला इंटरनेट लागत नाही.

नव्या संगणकांसाठी एअरप्रिंट (ॲपलची) आणि मोप्रिया या कंपनीच्या ड्रायव्हरविना छापण्याच्या पद्धतींची दोन नावे पुरेशी आहेत. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच इतर कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे जाहीर केले असून, मोप्रियाचा प्रिंटर विंडोजच्या अंगच्या ड्रायव्हरवरच चालतो. एआरएम प्रोसेसरच्या लॅपटॉपवर तर नेहमीचे ड्रायव्हर बसतच नाहीत, त्यामुळे तिथे ही सोय जवळपास अनिवार्य ठरते.

माझ्या मते, नव्या बिनसॉकेटच्या स्वस्त प्रिंटरपेक्षा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातला, कार्यालयातून निघालेला सेकंडहँड नेटवर्क प्रिंटर पुष्कळदा बरा. अर्थात टोनर अजून मिळतो का आणि आजवर किती पाने छापली आहेत, हे पाहून घ्यावे; पानांचा आकडा प्रिंटर स्वतःच छापून देतो त्या कॉन्फिगरेशन पानावर असतो.

पैसे देण्यापूर्वी जुन्या संगणकावरून एक देवनागरी पान छापून पाहावे. ‘क्ष’, ‘ज्ञ’, रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या जागच्या जागी येत आहेत का, ते तपासावे. अक्षरांऐवजी इंग्रजी खुणा उमटल्या, तर दोष बहुधा प्रिंटरचा नसतो. ड्रायव्हर आपल्या फॉन्टऐवजी प्रिंटरमधला फॉन्ट वापरत असतो. ड्रायव्हरच्या प्रगत पर्यायांत जाऊन फॉन्ट बदलण्याऐवजी डाउनलोड करण्याची, म्हणजे संगणकातला फॉन्ट प्रिंटरकडे पाठवण्याची, सूचना द्यावी आणि तेच पान पुन्हा छापावे.