ग्रब बसवायला बसण्याआधी सिरियल नंबर लिहून घ्या

बॅकअप घ्या, यूपीएस लावा, लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून थेट लिनक्स चालू होतं तो) हाताशी ठेवा. हे सगळे करतातच.

ज्या डिस्कवर ग्रब हा बूटलोडर, म्हणजे मशीन चालू होताच ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम, बसवायचा, तिचा सिरियल नंबर मात्र आधी कागदावर लिहून घ्या. लिनक्सने डिस्कला दिलेलं "एसडीए"सारखं नुसतं नाव नको, सिरियल नंबर. मागच्या वेळी मी एवढंच विसरलो. काकांच्या दुकानातला बिलांचा जुना डेबियन लिनक्सवाला डेस्कटॉप दुरुस्त करत होतो. लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालू केला, बॅकअपची बाहेरची डिस्कही लावलेली होती. एसडीए म्हणजे आतली डिस्क हे डोक्यात पक्कं, म्हणून ग्रब-इन्स्टॉल कमांडला तेच नाव दिलं. "इन्स्टॉलेशन फिनिश्ड, नो एरर रिपोर्टेड" असं पडद्यावर आलं. बाहेरची डिस्क काढून मशीन चालू केलं तर काळ्या पडद्यावर "सिम्बॉल नॉट फाउंड" आणि खाली "ग्रब रेस्क्यू". महिन्याची १९ तारीख होती आणि २० ला जीएसटीचं रिटर्न भरायचं होतं. काका काही बोलले नाहीत, शेजारी उभे राहिले फक्त.

झालं असं की ग्रबचा गाभा (सर्वात आधी चालणारा भाग) बाहेरच्या डिस्कवर गेला आणि मोड्यूल (गाभा नंतर उचलतो ते तुकडे) मात्र आतल्या बूट फोल्डरमध्ये नवे आले. आतल्या डिस्कवरच्या जुन्या गाभ्याचं नव्या मोड्यूलांशी जुळेना. जुलै २०२० मध्ये बूटहोल या ग्रबमधल्या सुरक्षा-त्रुटीच्या दुरुस्तीनंतर डेबियन आणि उबुंटूवरची कितीतरी मशीनं अशीच अडकली होती. तिथेही अपडेटने गाभा चुकीच्या डिस्कवर लिहिला होता.

नावांवर विश्वास ठेवू नका. लिनक्स एसडीए, एसडीबी ही नावं डिस्क सापडतील त्या क्रमाने देतो, पेनड्राइव्ह लावला की क्रम बदलू शकतो. एनव्हीएमई डिस्क एनव्हीएमई०एन१ असते आणि तिचं पहिलं पार्टिशन एनव्हीएमई०एन१पी१. तो "पी" विसरू नका. लिनक्ससारख्याच फ्रीबीएसडी सिस्टिमीत साटा डिस्क एडीए०, यूएसबी डीए०. ओपनबीएसडीत अख्खी डिस्क म्हणजे "सी" पार्टिशन, पण नेटबीएसडीत पीसीवर तेच "डी". मॅकवर डिस्क२ आणि आरडिस्क२ ही एकाच डिस्कची दोन नावं, डीडी कमांडने लिहायला आरडिस्क वेगवान. विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये डिस्क ० पासून मोजतात आणि पार्टिशन १ पासून. ग्रब २ मध्येही तसंच, जुन्या ग्रबमध्ये मात्र दोन्ही ० पासून, त्यामुळे जुन्या लेखातली ओळ जशीच्या तशी उचलू नका. शिवाय ग्रबचं एचडी० हे नाव फर्मवेअरच्या (मदरबोर्डवरच्या बायोस किंवा यूईएफआयच्या) क्रमाने ठरतं. ते लिनक्सचं एसडीए असेलच असं नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, सिरियल नंबर. लिनक्सवर एलएसबीएलके कमांडला मॉडेल, साइझ आणि सिरियल हे रकाने मागा. फ्रीबीएसडीवर "जिओम डिस्क लिस्ट"मधलं आयडेंट बघा, विंडोजवर पॉवरशेलमधलं गेट-डिस्क. कागदावरचा नंबर एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. मग ग्रब-इन्स्टॉलला एसडीए देऊच नका, डेव्हच्या डिस्क फोल्डरातलं बाय-आयडीचं नाव द्या, त्यात बहुतेक वेळा सिरियल नंबर असतोच. आणि पार्टिशनचं नाही, अख्ख्या डिस्कचं नाव.

बायोसवाल्या डेबियनवर डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी चालवून योग्य डिस्कवर खूण करा. खूण केलेल्या डिस्कची यादी ग्रबचं पॅकेज लक्षात ठेवतं. डिस्क बदलली आणि यादी जुनीच राहिली तर पुढच्या अपडेटला पुन्हा तोच घोळ. इथेही सिरियल नंबर बघूनच खूण करा.

डिस्कचे पहिले ५१२ बाइट, म्हणजे एमबीआर, फाइलमध्ये ठेवा. परत लिहिताना फक्त ४४६ लिहा, त्यापुढचे ६४ पार्टिशन टेबलचे आहेत. जीपीटी (नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल) आणि बायोस एकत्र असतील तर १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन लागतं. यूईएफआय असेल तर ईएसपी (बूटलोडरच्या फाइली ठेवायचं पार्टिशन) माउंट करा, नंतर ईएफआयबूटएमजीआर कमांडने बूटची नोंद तपासा. विंडोजचं बिटलॉकर एन्क्रिप्शन असेल तर रिकव्हरी की आधी हातात घ्या.

झालं की बाहेरची प्रत्येक डिस्क आणि पेनड्राइव्ह काढा, मशीन पूर्ण बंद करून चालू करा. लॉगिन दिसल्यावरच परत द्या.