शाळा-ग्रंथालयातले संगणक सर्वांसाठी खुले करताना या चुका टाळा

एका शाळेतले संगणक बिघडलेत म्हणून मला बोलावणं आलं होतं. कक्षाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. दार उघडलं तर प्रत्येक मॉनिटरवर प्लास्टिकचं आवरण आणि कीबोर्ड असे कोरे, की एका बटणावरचंही अक्षर पुसट झालेलं नव्हतं. बारापैकी नऊ संगणक ठणठणीत होते. मुलांना इथे बसू का देत नाही, असं विचारलं तर सर म्हणाले, “उद्या काही बिघडलं तर जबाबदार कोण?”

त्या सरांना मी दोष देत नाही. नोंदवहीत यंत्राचा नंबर असतो आणि त्यापुढे सही त्यांची असते. पण संगणक खुले करायच्या कामातली सगळ्यात मोठी चूक या भीतीतूनच होते. यंत्र जपण्यासाठी माणसांना बाहेर ठेवलं जातं. त्यापेक्षा कुणी काहीही केलं तरी संगणक पुन्हा मूळ स्थितीवर येईल, अशी सोय आधी करावी. डीप फ्रीझसारखे प्रोग्रॅम नेमकं हेच करतात: मुलाने आयकॉन उडवले, सेटिंग बदललं, नको ते इन्स्टॉल केलं, तरी रीस्टार्ट केल्यावर सगळं पहिल्यासारखं. लिनक्स या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीत पाहुण्यांसाठी वेगळं खातं ठेवूनही हे बऱ्याच अंशी साधता येतं.

मात्र ही सोय केल्यावर दोन नव्या चुका हमखास होतात. पहिली म्हणजे रीस्टार्टबरोबर मुलांनी केलेलं कामही जातं. दीड तास खपून लिहिलेला निबंध वीज गेल्याने नाहीसा झालेलं मूल पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकायला कचरतं. म्हणून काम साठवायला न गोठवलेला, म्हणजे रीस्टार्टनंतरही न पुसला जाणारा वेगळा ड्राईव्ह द्या आणि ‘काम इथेच सेव्ह करा’ अशी ठळक अक्षरांतली चिठ्ठी प्रत्येक मॉनिटरला चिकटवा. दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही. गोठवलेल्या संगणकाने उतरवलेले अपडेटही रीस्टार्टनंतर पुसले जातात, मग दुसऱ्या दिवशी तो तेच पुन्हा उतरवायला घेतो. दहा संगणक रोज हेच करू लागले की ‘नेट फार स्लो आहे’ अशी तक्रार सुरू होते आणि कनेक्शन बदलायची चर्चा चालते. आठवड्यातून एकदा, कक्ष रिकामा असताना, गोठवणं काढून सगळे अपडेट करून घ्यायचे आणि पुन्हा गोठवायचं. बहुतेक वेळा जुनं कनेक्शन पुरतं.

‘इंटरनेट चालत नाही’ म्हणण्याआधी घड्याळ बघा

सुट्टीनंतर शाळा उघडते, संगणक सुरू होतात, वायफायची खूणही दिसते, पण कुठलीही साइट उघडली की ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. अशा वेळी नजर खालच्या कोपऱ्यातल्या तारखेवर टाका. तिथे कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दिसली, तर निदान झालंच म्हणून समजा. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. संगणकाची तारीख त्या मुदतीबाहेर गेली की ब्राउझर साइटवर विश्वास ठेवत नाही. दोष मदरबोर्डवरच्या, म्हणजे संगणकाच्या आतल्या मुख्य पाटीवरच्या, नाण्याएवढ्या सेलचा असतो. वीज बंद असताना घड्याळ तोच चालवतो. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर२०३२, ३ व्होल्टचा. संगणकाची मुख्य वीज चालू असताना या सेलवर फारसा भार पडत नाही, पण स्विच महिनोन्‌महिने बंद राहिला की तो लवकर संपतो. म्हणजे कुलूपबंद कक्षातले सेल वापरातल्या कक्षातल्यांपेक्षा आधी मरतात. प्लग काढून सेल बदला, तारीख लावा. काम पाच मिनिटांचं. या एवढ्याशा सेलपायी अख्खा संगणक भंगाराच्या ढिगात गेलेला मी पाहिला आहे.

सुरू करताच बीप-बीप आणि पडदा काळा, असं असेल तर वीज काढून रॅमची (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची) पट्टी बाहेर घ्या, तिचे सोनेरी दात खोडरबरने हलकेच पुसा आणि पट्टी खट्‌ आवाज येईपर्यंत बसवा. पुष्कळदा एवढ्यानेच भागतं.

जुना संगणक टाकून द्यायची घाईही नको. विंडोज १० चा नियमित आधार (मोफत सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ची अट अनेक जुनी यंत्रं पूर्ण करत नाहीत. पण हार्डडिस्कच्या जागी एसएसडी ही तिच्याहून वेगवान डिस्क बसवून हलकं लिनक्स टाकलं, की लिहिणं, वाचणं, शोधणं, अर्ज भरणं यासाठी तीच यंत्रं आणखी काही वर्षं सहज चालतात.

सगळा पैसा यंत्रांवर

‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या योजनेत पेरूमध्ये मुलांना लाखो लॅपटॉप दिले गेले. तिथल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅपटॉप भरपूर पोचले होते, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. शिक्षकाला वेळ, तयारी आणि धीर द्यायलाही पैसा लागतो, हे खरेदीच्या यादीत कुठेच लिहिलेलं नसतं. नेट नसेल तिथे किविक्स आणि कोलिब्री या नेटशिवाय चालणाऱ्या प्रोग्रॅमांवर अनुक्रमे विकिपीडिया आणि धडे आधीच उतरवून ठेवता येतात, तेही फुकट. दृष्टिहीन वाचकासाठी एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा मोफत प्रोग्रॅम आणि एक हेडफोन निदान एका संगणकावर असलाच पाहिजे.

ग्रंथालयात चूक होते ती वेळेच्या नियमात. अर्ध्या तासाची मर्यादा बातम्या वाचणाऱ्याला पुरते. नोकरीचा अर्ज भरणाऱ्याला नाही. फोटोचा आकार कमी करायचा, ओटीपीची वाट बघायची, आणि ‘सबमिट’पाशी आल्यावर पडदा बंद! रांगेत कुणी नसेल तर वेळ आपोआप वाढू द्या, आणि अर्ज भरणाऱ्यांसाठी एक संगणक बिनमर्यादेचा ठेवा.

तिथलीच दुसरी चूक याहून गंभीर. एक बाई ईमेल उघडा ठेवून उठून गेल्या आणि पुढच्या मुलाने तो मला दाखवला. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तर अनोळखी लोकांची ओळखपत्रं, गुणपत्रिका आणि बँकेची कागदपत्रं साठलेली होती. लॉगआऊट करा अशी पाटी तिथेही होती. पाटीवर विसंबू नका. माणूस उठला की सत्र संपावं आणि ब्राउझरचा इतिहास, डाउनलोड, प्रिंटरच्या रांगेतली कागदं आपोआप पुसली जावीत, असं सेटिंग करून ठेवा.

आणि प्रत्येक संगणकाशेजारी एक वही दोऱ्याने बांधा. नाव-गाव नको, आज किती तास चालला आणि कुठे अडला, एवढंच लिहायचं. ‘माऊस उडतो’, ‘आवाज नाही’, ‘तारीख चुकली’ अशा नोंदी मुलं आपणहून करतात. दुरुस्तीला येणाऱ्याने आल्याबरोबर आधी ती वही वाचावी.