शुगर तपासताना टोचायचं कुठे?

घरी शुगर तपासणाऱ्याला सगळ्यांत जास्त ऐकायला मिळणारा सल्ला म्हणजे, "बोट दुखतं ना, मग हातावर टोच." गणपतीला आलेला चाकरमानी भाचा हे सांगतो, शेजारीण सांगते, मोबाइलवरचा व्हिडिओही सांगतो. पण केव्हा हातावर, म्हणजे कोपराखाली, टोचायचं आणि केव्हा चुकूनही नाही, हे कुणी सांगत नाही. वेंगुर्ल्याच्या आसपासच्या वाड्यांत मी वर्षानुवर्षं लोकांची शुगर तपासत आले आहे, घरी सासूबाईंची तर रोजच. कुठे कमी दुखेल हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की या क्षणी रक्तातली साखर एका जागी आहे, की चढते-उतरते आहे?

मीटर, त्याच मीटरच्या मुदतीतल्या स्ट्रिप, टोचायचा पेन, नवी सुई आणि वही हाताशी आहे असं मी धरून चालते. स्ट्रिपच्या डबीचं झाकण स्ट्रिप काढल्या काढल्या लावा, आपल्याकडची दमट हवा त्यांना सोसत नाही.

१. हात धुवा आणि पुसा

साबण, पाणी, कोरडा पंचा. एवढंच. पण एप्रिल-मेमध्ये हेच ठणकावून सांगावं लागतं. हापूस कापून किंवा रायवळ चोखून झाल्यावर हात नुसता पदराला पुसला आणि टोचलं, तर मीटर रक्तातल्या साखरेबरोबर बोटावरचा आंब्याचा रसही मोजतो. जपानमधल्या संशोधकांनी २०११ साली हे तपासून पाहिलं. संत्रं, द्राक्षं, किवी अशी फळं सोललेल्या बोटावर आकडा खोटाच वर गेला. स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही तो खाली आला नाही, नळाखाली हात धुतल्यावर मात्र ठीक झाला. त्यामुळे "स्पिरिट लावलं की झालं" या बोलण्यावर विसंबू नका. पाणी हाताशी नसेल आणि बोटाला गोड काही लागलेलं नसेल, तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. ओल्या बोटावर थेंब पसरतो आणि पातळ होतो, म्हणून पुसणंही धुण्याइतकंच महत्त्वाचं.

२. बोट की हात, हे ठरवा

ही पायरी लोक गाळतात, आणि खरी अडचण इथेच आहे. मलाही ती नीट उमगायला वेळ लागला, कारण मीटरबरोबरच्या कागदावर ती बारीक अक्षरांत एका ओळीत उरकलेली असते.

बोटाच्या टोकाला रक्त भराभर खेळतं. कोपराखालच्या हाताच्या, दंडाच्या, मांडीच्या किंवा पोटरीच्या कातडीत ते सावकाश फिरतं. साखर स्थिर असते तेव्हा याने फारसं बिघडत नाही, दोन्हीकडचे आकडे जवळपास सारखे येतात. पण साखर झपाट्याने चढत किंवा उतरत असेल, तर हाताचा आकडा बोटाच्या मागे राहतो, कधी कधी वीस ते तीस मिनिटं मागे. खाडीत भरती येते तेव्हा मुखाशी पाणी चढलेलं असतं आणि वरच्या अंगाच्या गावात अजून चिखल उघडा असतो, तसंच हे. आतल्या गावातून बघून "भरती नाहीच" म्हणणाऱ्याचं ते म्हणणं त्याच्यापुरतं खरं असतं, पण होडी घालायच्या कामाचं नसतं.

आता हे माणसावर लावून बघा. समजा, एकाने सकाळी इन्सुलिन घेतलं, घाईत एकच घावन खाल्लं आणि काजूच्या बागेत झाडणीला गेला. तासाभराने हात थरथरायला लागले, घाम फुटला. त्याने कोपराखाली टोचून बघितलं, आकडा आला ९५. तो म्हणणार, उन्हाने झालं असेल, आणि काम चालू ठेवणार. त्याच वेळी त्याच्या बोटात साखर ६० असू शकते. ७० च्या खाली गेलेली साखर म्हणजे उपचाराची वेळ, आणि इथे हाताने ती लपवली.

म्हणून पुढच्या वेळांना फक्त बोट: जेवल्यावर दोन तासांच्या आत, जेवणाआधीचं इन्सुलिन घेतल्यावर दोन तासांच्या आत, लावणी, पाणी शेंदणं, घाटी चढणं असे कष्ट झाल्यावर, ताप किंवा उलट्या-जुलाब असताना, मोटारसायकलला किक मारण्याआधी किंवा होडी समुद्रात घालण्याआधी. साखर उतरल्याची नुसती शंका जरी आली तरी बोटच. काही जुन्या मधुमेहींना साखर उतरल्याचं अंगावर कळतच नाही, ना घाम ना थरथर. त्यांनी हातावर टोचायचा विचार मनातून काढून टाकावा. गरोदरपणातल्या मधुमेहात जेवणानंतरच्या तपासण्या जास्त असतात, तिथेही बोटच धरा.

उरलं काय? सकाळी उठल्यावर काही न खाता, किंवा जेवणाच्या आधी, बरं वाटत असताना. या वेळांना हातावर टोचायला हरकत नाही, पण दोन अटींवर: तुमच्या मीटरच्या माहितीपत्रकात तशी परवानगी असली पाहिजे आणि तुमच्या डॉक्टरांना ते ठाऊक असलं पाहिजे. सगळे मीटर हाताच्या रक्तासाठी केलेले नसतात. दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावला असेल आणि तो बोटाच्या आकड्याशी जुळवून घ्यायचा असेल, तर तिथे हाताचा आकडा कधीच चालत नाही.

आणि आकडा काहीही असो, अंग सांगत असेल की साखर उतरली आहे, तर अंगाचं ऐका. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, पंधरा मिनिटांनी बोटावर पुन्हा तपासा. अशा वेळी बेसनाचा लाडू किंवा खोबऱ्याची वडी देऊ नका, त्यातल्या तुपा-खोबऱ्याने साखर रक्तात उतरायला उशीर लागतो. पुन्हा टोचण्याआधी हात धुवा, कारण आता बोटांना साखर लागलेली आहे आणि ७० च्या खालचा माणूस मीटरवर १८० दिसू शकतो. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका, गाडी बघा आणि दवाखाना गाठा.

३. बोटावरची नेमकी जागा

मधलं बोट, अनामिका किंवा करंगळी. अंगठा आणि तर्जनी कामाची बोटं आहेत, विळीवर मासे कापताना, जाळं विणताना, नारळ सोलताना त्यांनाच घट्टे आणि काप जास्त. बोटाच्या पेराच्या मधोमध, जिथे ठसा उमटतो तिथे, टोचू नका. तिथे संवेदना सगळ्यांत जास्त, म्हणून दुखतं. बाजूला टोचा, नखाला खेटून नको आणि अगदी टोकालाही नको. बोटं आणि त्यांच्या बाजू आलटून पालटून वापरा. सासूबाई आधी "हाताक टोच गो, बोटाक नको" म्हणायच्या. जागा मधोमधून बाजूला सरकवल्यापासून ती तक्रार थांबली.

कष्टाच्या हातांची गोष्ट वेगळी आहे, आणि शहरातल्या माणसाने लिहिलेल्या सूचनांमध्ये ती सापडत नाही. कोयता चालवणाऱ्या, रापण ओढणाऱ्या माणसाच्या बोटाला सुई लागल्याचं कळत नाही आणि थेंबही येत नाही. मग लोक पेनवरचा खोलीचा आकडा वाढवत नेतात, दोनावरून पाचावर, आणि शेवटी बोट पिळतात. घट्ट्यावर खोल टोचून काही मिळत नाही. जागा सरकवा, पेराच्या बाजूला मऊ कातडी सापडतेच. करंगळी बहुतेक वेळा साथ देते.

टोचण्याआधी हात बंबातल्या कोमट पाण्याने धुवा. विहिरीचं गार पाणी, तेही जुलैच्या सकाळी, बोटातलं रक्त आखडवतं. हात अर्धा मिनिट खाली लोंबता सोडा. टोचल्यावर लगेच दाबू नका, एखादा श्वास थांबा. मग तळव्यापासून बोटाच्या मुळाकडे आणि तिथून पुढे हलक्या हाताने सारत आणा. पेर पिळू नका, पिळल्याने रक्तात आजूबाजूच्या पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा बिघडतो. आजकालच्या बहुतेक स्ट्रिपना मोहरीहून लहान थेंब पुरतो, त्यामुळे एवढ्यासाठी कुणाला रडवायचं कारण नाही.

काजू फोडणाऱ्या बायकांना एक वेगळी ताकीद. टरफलाच्या तेलाने भाजून काळी पडलेली, सोललेली कातडी असेल तर त्या बोटाला हात लावू नका, ती बरी होईपर्यंत दुसऱ्या हाताकडे वळा. लावणीच्या दिवसांत पाण्यात राहून पांढरी पडून फाटलेल्या बोटांनाही हेच लागू.

बोटं अगदीच दाद देत नसतील, तर तळव्याकडे वळा. अंगठ्याच्या मुळाशी असलेला गुबगुबीत भाग किंवा करंगळीखालची कड. तळव्याचं रक्त बोटाच्या बरंच जवळ चालतं, हातासारखं रेंगाळत नाही. मीटरच्या माहितीपत्रकात तळव्याला परवानगी असेल तर माझं मत हातापेक्षा तळव्याच्या बाजूने आहे.

४. हातावर टोचणार असाल तर

पेनला पारदर्शक टोपी लावा, म्हणजे थेंब दिसतो. कोपराखालचा मांसल भाग निवडा, शिरा, तीळ, केस आणि हाड टाळा. तो भाग गरम वाटेपर्यंत तळव्याने जोरात चोळा, याने रक्त पुढे येतं आणि आकड्यातलं अंतरही थोडं कमी होतं. पेन घट्ट टेकवून टोचा आणि थेंब येईपर्यंत तसाच धरून ठेवा. वहीत आकड्यापुढे "हात" असं लिहा. सुरुवातीला एकाच वेळी बोट आणि हात दोन्ही तपासून बघा, एकदा उपाशीपोटी, एकदा जेवल्यावर. फरक तुमच्याच वहीत दिसेल, मग मी सांगायची गरज उरणार नाही.

५. इथे कधीच नको

पाय. पायाची बोटं, तळवा, घोटा, काहीच नको. "पायाला टोचलं तर कळतसुद्धा नाही" असं कुणी आनंदाने सांगितलं, तर त्या माणसाला आधी पाय तपासायला घेऊन जा, कारण न कळणं हेच मधुमेहात नस बधिर झाल्याचं लक्षण. तो पाय उद्या अनवाणी शेतात, चिखलात, वाळूत जाणार. सुईचं भोकही तिथे चिघळू शकतं.

डायलिसिससाठी फिस्टुला (शीर आणि धमनीची जोडणी) केलेला हात, स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात, सुजलेला किंवा निळसर गार पडलेला हात, हे सोडून दुसरा वापरा.

६. आकडा वाचताना

एका बोटावर १५० आणि दुसऱ्यावर १६४ आलं म्हणून मीटर फेकून देऊ नका. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रयोगशाळेतल्या आकड्यापासून १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम आणि त्यावर १५ टक्के एवढा फरक चालतो, शंभरातल्या ९५ वेळा तरी मीटर त्यात बसला पाहिजे. मात्र अंगाला जाणवतंय एक आणि मीटर म्हणतोय भलतंच, असं झालं तर हात धुऊन दुसऱ्या बोटावर पुन्हा बघा.

आमच्याकडे मुंबईहून आलेला एक मीटर अख्ख्या वाडीत फिरतो. रक्त दिसो वा न दिसो, एकाकडून दुसऱ्याकडे देण्याआधी दर वेळी तो माहितीपत्रकात सांगितलेल्या जंतुनाशकाने स्वच्छ पुसा. पण टोचायचा पेन प्रत्येकाचा स्वतःचा हवा आणि सुई दर वेळी नवी. पेनमध्ये नुसती सुई बदलून भागत नाही, टोपीला लागलेल्या रक्तातूनही कावीळ बी एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ शकते. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून झाकण लावा, आणि बाटली भरली की उपकेंद्रात विचारून तिथे द्या. उकिरड्यावर टाकू नका, तिथे पोरं अनवाणी खेळतात.