परम्युटेशन-कॉम्बिनेशनचं उत्तर पडताळताना या चुका टाळा

समीकरण सोडवलं की एक्सची किंमत परत घालून बघता येते. परम्युटेशन-कॉम्बिनेशनमध्ये, म्हणजे किती प्रकारे मांडता किंवा निवडता येईल या मोजणीच्या गणितात, ती सोय नाही. उत्तर ३३६ आलं, आता ते घालणार कुठे? म्हणून बहुतेक मुलं तीच आकडेमोड वरून खाली पुन्हा करतात आणि पुढच्या गणिताकडे वळतात. अकरावी-बारावीला शिकवताना मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. गुणाकार तपासला जातो, विचार तसाच राहतो.

हे नेहमीचं गणित घ्या. ६ मुलगे, ४ मुली. चौघांची समिती निवडायची, त्यात किमान एक मुलगी हवी. वहीत हमखास असं असतं: आधी एक मुलगी निवडू, ४ प्रकारे, मग उरलेल्या ९ जणांतून ३, म्हणजे ८४ प्रकारे. ४ × ८४ = ३३६. दहा वेळा तपासलं तरी ३३६च येणार. पण अट नसतीच, तर दहातून चार किती प्रकारे निवडता आले असते? २१०. मग अट घातल्यावर समित्या वाढतील कशा? कुठल्याही गणितात आधी ‘अट नसती तर किती’ हा आकडा कोपऱ्यात लिहून ठेवा. दहा सेकंदांचं काम आहे.

बरोबर उत्तर २१० मधून फक्त मुलग्यांच्या १५ समित्या वजा करून १९५. ते दुसऱ्या वाटेनं पडताळा: एक मुलगी असलेल्या समित्या ८०, दोन असलेल्या ९०, तीन असलेल्या २४, चारही मुलींची १. बेरीज १९५. पण इथे थांबू नका, ३३६ आले कुठून तेही शोधा. दोन मुलींची प्रत्येक समिती दोनदा मोजली गेली, तीन मुलींची तीनदा, चौघींची चारदा: ८० + १८० + ७२ + ४ = ३३६. चूक अशी आकड्यासकट हाताला लागली पाहिजे.

सीईटीच्या तयारीत आणखी एक सवय लागते. आपलं उत्तर पर्यायांत दिसलं की जीव भांड्यात पडतो. पण पेपर काढणाऱ्याला ही ठरलेली चूक माहीत असते, त्यामुळे ३३६ हाही एक पर्याय असू शकतो.

शंका आली की आकडे लहान करा आणि यादी लिहा. सहा जणांच्या तीन जोड्या किती प्रकारे पडतील? सहातून दोघं १५ प्रकारे, उरलेल्या चौघांतून दोघं ६ प्रकारे, शेवटचे दोघं १ प्रकारे, म्हणून मुलं १५ × ६ × १ = ९० लिहितात. तीच रीत चौघांवर लावली तर ६ येतात. आता कागदावर बघा: अब-कड, अक-बड, अड-बक. तीनच! जोड्यांना पहिली-दुसरी असा क्रमच नाही, म्हणून ९० ला ३! (तीन फॅक्टोरियल, म्हणजे ३ × २ × १ = ६) नं भागायचं, उत्तर १५. मात्र आकडे फार लहान करू नका. वरची समिती एकाच जणाची केली, तर चुकीची रीतही ४ हे बरोबर उत्तर देते आणि आपण फसतो.

यादी सुचेल तशी लिहिली तर एखादी मांडणी सुटतेच. ‘कटकट’ची अक्षरं घ्या. क पहिला धरून ककटट, कटकट, कटटक; मग ट पहिला धरून तितक्याच. एकूण ६, आणि ४! भागिले (२! × २!) सुद्धा ६.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) अंकपाशाच्या, म्हणजे मांडण्या मोजण्याच्या प्रकरणात हरीच्या चार हातांतल्या शंख, चक्र, गदा, पद्म यांच्या अदलाबदलीनं किती मूर्ती होतात असं विचारलंय. उत्तर २४. संध्येतली केशव, नारायण, माधव ही नावंही चोवीसच. मुलांना मी हे गणित सूत्राशिवाय करायला देते: शंख एका हातात पक्का धरा, बाकीच्या तीन वस्तूंच्या सहा मांडण्या लिहा, मग शंख पुढच्या हातात द्या.