कारखान्यातल्या फिरत्या रोबोबरोबर पहिला आठवडा

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छे येथील कारखान्यात इंटर्न म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडण्याआधी रोबोवरची, म्हणजे माल वाहणाऱ्या स्वयंचलित गाडीवरची, लाल आणीबाणी बटणे शोधावीत आणि पर्यवेक्षकांच्या देखत, गाडी चालू असताना, त्यांपैकी एक दाबून ती किती अंतरात थांबते ते टेपने मोजावे.

पुढचे दोन दिवस रोबो ज्याच्या आधारे वाट काढतो त्या नकाशाला द्यावेत, कारण माझ्या मते बहुतेक चुका इथेच होतात. बऱ्याच रोबोंचा लेसर स्कॅनर (किरण सोडून अडथळे टिपणारे उपकरण) जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवरचा एकच आडवा थर पाहतो. त्यामुळे टेबल त्याला चार ठिपक्यांसारखे दिसते आणि फोर्कलिफ्टचे वर उचललेले दाते दिसतच नाहीत. अशा जागा नकाशात प्रतिबंधित क्षेत्र म्हणून आखाव्यात. आज भिंतीला टेकलेला कास्टिंगचा (ओतीव भागांचा) ढीग उद्या हललेला असतो, म्हणून तो नकाशातून पुसावा व भिंती आणि खांब तेवढे ठेवावेत. रोज तेथे ट्रॉली ओढणाऱ्या मामांना विचारल्याशिवाय मार्ग ठरवू नये. गर्दी कधी होते हे त्यांनाच ठाऊक असते.

फाउंड्रीजवळ, म्हणजे धातू ओततात तिथे, धूळ बारीक असते, तेव्हा स्कॅनरची काच रोज मऊ कापडाने पुसावी. जमिनीवर तेल असल्यास चाके घसरतात आणि त्यांच्या फेऱ्यांवरून काढलेले अंतर चुकते. चाचणी आधी रिकाम्या गाडीने, मग पूर्ण भारासह घ्यावी, कारण भाराने थांबण्याचे अंतर वाढते. सूचनाफलक कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लावावा.