दिवाळीची पोस्त: कुणाला काय द्यायचं ते आठ दिवस आधीच ठरवा

दरवर्षी आमच्या घरात हाच सीन असायचा. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सासूबाई विचारणार, "अगं, मावशींना काय घेतलंस?" आणि मग मी कोल्हापुरात महाद्वार रोडच्या त्या गर्दीत, एका हातात आकाशकंदील, दुसऱ्या हातात पोरगं, जे पुढं दिसेल ते उचलून घरी. असलं घाईत घेतलेलं कुणाच्याच उपयोगाचं नसतंय. चार-पाच वर्षं चुका केल्यावर आता माझी एक पद्धत बसलीय, ती सांगते.

आधी कागद घ्या आणि नावं लिहा. कामाच्या मावशी, दूधवाले, पेपर टाकणारा पोरगा, घंटागाडीवाले, वॉचमन, सिलिंडर आणणारे दादा, एवढे आठवतात. हमखास विसरतो ते पोरांचे रिक्षामामा. शिवाय दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद म्हणून निम्मे लोक त्यांचे अर्ध्या महिन्याचे पैसे कापतात आणि वरनं मिठाईचा पाव किलोचा बॉक्स देतात. तो बॉक्स नाही दिला तरी चालतंय, पण महिन्याचे पैसे पूर्ण द्या, रिक्षाचा हप्ता काय सुट्टी घेत नाही.

आता मावशींचं. इथं गिफ्ट नको, रोख द्या. घरकामाला बोनसचा कायदा लागू नाही, पण त्या कायद्यातला किमान बोनस ८.३३ टक्के आहे, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे सरळ एक महिन्याचा पगार. तोच हिशोब घरात धरा. सहा महिनेच झाले असतील तर निम्मा. आणि कृपा करून उचल दिलेली असेल तर ती यातनं कापू नका, ती नंतर थोडी थोडी वळती करा, दिवाळीच्या तोंडावर पाकीट उघडून निम्मेच पैसे बघायला कुणाला आवडंल?

पैसे द्यायचे ते वसुबारसेच्या आधी, जमलं तर आठ दिवस आधी. पहिल्या अंघोळीच्या सकाळी पाकीट हातात दिलं तर त्यांनी पोरांचे कपडे कधी घ्यायचे?

फराळाचं पण बघा. चार घरची कामं करणाऱ्या बाईला चार घरचा चिवडा मिळतोय, आणि स्वतःच्या घरी चकल्या पाडायला तिला वेळच नसतोय. मी गेल्या वर्षी सरळ विचारलं, "मावशी, काय देऊ?" तर म्हणाल्या, "तेल द्या बाई." मग पाच लिटरचा तेलाचा कॅन, हरभरा डाळ, रवा आणि साखर अशी पिशवी भरून दिली आणि भाऊबीजेला दोन दिवस भरपगारी सुट्टी. माहेरी गारगोटीकडं जाऊन आल्या, येताना माझ्यासाठी तांदळाची पिशवी घेऊन आल्या. आता कुणी कुणाला पोस्त दिली ते तुम्हीच ठरवा 😄

घरातली जुनी साडी द्यायची असेल तर खुशाल द्या, पण इतर दिवशी. दिवाळीला नको. आणि ऑफिसातनं आलेला सोनपापडीचा डबा पुढं सरकवायचा तर निदान त्यावरची चिठ्ठी तरी काढा, आमच्या शेजारी एकदा ती तशीच राहिलेली.

एक माझी फसलेली आयडिया. कोल्हापूरची शान म्हणून मावशींना कोल्हापुरी चप्पल घेतली, चप्पल लाइनीत अर्धा तास घासाघीस करून. एक तर माप अंदाजानं घेतलं, ते एक नंबर लहान निघालं, दुसरं म्हणजे दिवसभर पाण्यात काम करणाऱ्या बाईला चामड्याची चप्पल कशाला? भिजली की वाट लागते. ती त्यांच्या जाऊबाईंच्या पायात गेली. द्यायचीच असेल तर माप विचारून घ्या, किंवा सोबत घेऊन जा.

घंटागाडीवर दोघं-तिघं असतात. ड्रायव्हरच्या हातात एकच पाकीट देऊन "वाटून घ्या" म्हणू नका, वेगवेगळी पाकिटं करा. कॉलनीत वर्गणी काढली तर प्रत्येक घरावर भार पण कमी पडतोय. वॉचमनचं पण तसंच, दिवसाचा आणि रात्रीचा वेगळा असतो, रात्रीचा कुणाला दिसत नाही म्हणून राहतो. पेपरवाल्या पोराला रोख रकमेसोबत चांगली कानटोपी द्या, दिवाळीनंतर पहाटेची थंडी पडते.

शिक्षकांचं गणित एकदम उलट. इथं रोख नाही, महागडं काही नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्तणुकीचे नियम असतात, बाईंना उगाच अडचणीत आणू नका, आणि शाळेनं "भेटवस्तू आणू नयेत" असं कळवलं असेल तर विषय संपला. आणि वर्गात पन्नास पोरं, प्रत्येकानं कॉफीचा मग दिला तर बाई दुकान टाकतील. पेन सेट, फोटोफ्रेम, सरस्वतीची मूर्ती, हे पण सगळं त्यांच्या कपाटात ऑलरेडी आहे. खाऊन संपंल असं द्या. घरच्या कांदा-लसूण मसाल्याची छोटी बरणी, किंवा किलोभर चांगला गूळ. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात नव्या गुळाचे सौदे निघतात, म्हणजे सीझन पण जुळतोय. फक्त पिवळाधमक रंग बघून भुलू नका, तो रंग बऱ्याचदा पावडर घालून आणलेला असतो, तपकिरी गूळ घ्या. बाईंना शुगर असेल तर गूळ नको आणि आजऱ्याचा सुवासिक घनसाळ तांदूळ पण नको, मसालाच बरा.

आणि सोबत पोराच्या हातचं पत्र. "थँक यू टीचर" एवढंच नको, त्याला विचारा की बाईंनी शिकवलेलं काय आठवतंय. आमच्या पोरानं लिहिलेलं, "तुम्ही भागाकार परत सांगितला तेव्हा ओरडला नाहीत." बाईंनी मसाल्याचं नावसुद्धा काढलं नाही, पत्राचं मात्र पालकसभेत दोनदा सांगितलं.